सदनिका क्रमांक पंचवीस

शब्द वापरल्याशिवाय आपला होत नाही, असा सोनवणे सरांचा नियम होता, आणि याच नियमाने त्यांचा घात केला.

कात्रजच्या आनंदबाग सोसायटीत दर शनिवारी चार ते पाच, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सरांचा शब्दांचा वर्ग भरे. सोसायटीतली नऊ-दहा मुले सतरंजीवर बसत, सर फळ्यावर एक शब्द लिहीत आणि मुलांनी तो आठवडाभर वापरायचा. 'काटकसर'च्या आठवड्यात सगळ्या मुलांनी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकली. 'आदरातिथ्य'च्या आठवड्यात एका कुरिअरवाल्याला सात घरांतून सात पेले पाणी प्यावे लागले आणि त्यानंतर तो पंधरा दिवस पार्सले फाटकातूनच आत ठेवून पळत असे. सरांना यात वावगे काही वाटत नसे. निवृत्त माणसाला आठवड्यातला एक तास पुरतो. मात्र उरलेला सगळा आठवडा त्या तासाची वाट बघता आली पाहिजे.

त्या शनिवारी फळ्यावर शब्द होता 'लहर'.

"लहर म्हणजे मनात एकाएकी उठलेली इच्छा," सरांनी सांगितले.

सरांची नऊ वर्षांची नात दीक्षा हिने हात वर केला. वर्गात ती त्यांना आजोबा म्हणत नसे. तो नियम तिचा तिनेच केलेला होता.

"सर, मला एकाएकी शू लागते. ती लहर का?"

"नाही. ती गरज."

"आणि एकाएकी आइस्क्रीम खावंसं वाटलं तर?" इमादने विचारले.

"ती इच्छा."

"पण तुम्हीच म्हणालात, लहर म्हणजे इच्छा."

सरांनी खडू खाली ठेवला. मग त्यांनी वाक्यात उपयोग करून दाखवले. लहर आली म्हणून तो वाटेत गाणे म्हणू लागला. राजाची लहर फिरली. त्यावर सलोनी म्हणाली, की तिच्या शाळेच्या बसचे काका फार लहरी आहेत, कधी थांबतात, कधी थांबतच नाहीत.

"तो लहरीपणा. त्याचा दुसऱ्याला त्रास होतो," सर म्हणाले. "मला म्हणायची आहे ती लहर निराळी. तिच्यात गंमत असते."

"म्हणजे कसली?"

सरांनी खडू पुन्हा उचलला. चौतीस वर्षे मराठी शिकवून एका दोन अक्षरी... तीन अक्षरी शब्दापाशी त्यांची गाडी अडली होती. (गडबडीत त्यांचे मोजणेही चुकले, यावरून काय ते समजावे.) शेवटी त्यांनी शिक्षकांचा जुना मार्ग धरला. उत्तर येत नसेल तर गृहपाठ द्यावा. पुढच्या शनिवारपर्यंत प्रत्येकाने एक लहर करायची.

"तुम्ही पण," दीक्षा म्हणाली.

"मी?"

"शब्द वापरल्याशिवाय आपला होत नाही, सर."

घरी येऊन सर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. कांताबाई कोथिंबीर निवडत होत्या.

"अगं कांता, मी आयुष्यात कधी लहर म्हणून काही केलंय का?"

कांताबाईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "एकदा न सांगता मेथीच्या दोन जुड्या आणल्या होत्यात."

"ताजी होती म्हणून आणली."

"मग नाही," कांताबाई म्हणाल्या आणि पुढची काडी उचलली.

खरे तर हे सरांच्या अभिमानाचे कलम होते. छत्री घ्यायची ती ढग बघून. बसमध्ये बसायचे ते ऊन कुठल्या बाजूला येईल याचा हिशोब करून. पण नातीने मागितलेला गृहपाठ न करता शनिवारी फळ्यासमोर उभे राहायचे, हे त्या सगळ्या अभिमानाच्या पलीकडचे होते. रविवार, सोमवार, मंगळवार त्यांनी विचार केला. लहर सुचण्यासाठी त्यांनी वहीत एक यादीही केली. कांताबाई त्या यादीकडे पाहून आत गेल्या.

बुधवारी सकाळी दूध घेऊन येताना सर फाटकापाशी थांबले. आत शिरल्यावर डाव्या हाताला कडुनिंब आहे आणि त्याला लागून भिंतीवर चोवीस सदनिकांच्या चोवीस टपालपेट्या. निंबावर एक खार राहते. ती बुंध्यावरून उतरली, चोविसाव्या पेटीवर बसली, आत डोकावली आणि परत वर गेली. कुणाचे काही आले आहे का ते पाहून गेल्यासारखी.

हिच्या नावाची पेटीच नाही, असे सरांच्या मनात आले. आणि मग त्यांना स्वतःचेच आश्चर्य वाटले, कारण ते हसत होते, हातात दुधाची पिशवी होती आणि हसण्यासारखे काही झालेले नव्हते.

सरांनी हे काम स्वतः केले असते तर पुढचे काही घडले नसते. पुठ्ठ्यावर स्केचपेनाने नाव लिहिले असते, आठ दिवसांत ते वाऱ्याने उडाले असते. पण सर गेले मैनुद्दीनभाईंकडे.

मैनुद्दीनभाई पहिल्या मजल्यावर राहत. फ्लेक्स येण्यापूर्वी अर्ध्या शहराच्या दुकानांच्या पाट्या त्यांनी ब्रशने रंगवल्या होत्या आणि आनंदबागेतल्या चोवीसही पेट्यांवरची नावे त्यांच्याच हातची होती. काळी जमीन, पांढरी अक्षरे, भोवती पिवळी रेघ. सरांनी भीत भीत कल्पना सांगितली. मैनुद्दीनभाई हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

"नाव काय टाकायचं?"

"खारूताई."

"नुसतं? श्रीमती की कुमारी?"

"अहो मैनुद्दीनभाई, गंमत आहे ही."

"सर, गंमत तुमची. पाटी माझी आहे," मैनुद्दीनभाई म्हणाले. "पाटीत गंमत नसते. अक्षर चोवीस नंबरला आहे तेच पंचवीस नंबरला लागणार. नाहीतर लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला."

गुरुवारी संध्याकाळी निंबाच्या बुंध्याला, चोविसाव्या पेटीच्या अगदी शेजारी, सुंभाने बांधलेली पंचविसावी पेटी आली. 'श्रीमती खारूताई. सदनिका क्र. २५.' काळी जमीन, पांढरी अक्षरे, पिवळी रेघ. चार पावलांवरून पाहिले तर कोणी म्हणणार नाही, की ही पेटी बाकीच्यांतली नव्हे.

सोसायटीचे सचिव हिंमतराव जगताप फेरी मारताना तिच्यापाशी थांबले. हिंमतराव म्हणजे नियमांचे पुस्तक चालताबोलता पाहावे तर असे. हिरव्या शाईचे पेन सोसायटीत फक्त त्यांच्याकडे होते आणि त्या शाईतल्या नोटिसा वाचूनच आनंदबाग सकाळी उठत असे. त्यांनी खिशातून टेप काढला, पेटीची उंची मोजली, इतर पेट्यांइतकी भरली, तेव्हा टेप खिशात ठेवून पुढे गेले. सरांना हायसे वाटले. इतक्यात वाटायला नको होते.

शनिवारचा वर्ग फारच रंगला. सलोनी एका पायात लाल आणि एका पायात निळी चप्पल घालून आठवडाभर शाळेला गेली होती. इमादने पार्किंगमधल्या सगळ्या स्कूटरना नावे देऊन रोज सकाळी त्यांची हजेरी घेतली होती. सरांनी मुलांना निंबाखाली नेऊन पेटी दाखवली. दीक्षा बराच वेळ पाहत राहिली. मग ती त्यांच्या कानाशी येऊन वर्गाचा नियम मोडून म्हणाली, "आजोबा, भारी."

त्या दिवसापासून पेटीत पत्रे पडू लागली. मुलांची तर पडलीच. पण पेटीच्या फटीतून शेजारच्या सुशीलाबाईंच्या अक्षरातली पाककृतीही डोकावली, आणि एका बँकेने खारूताईंना क्रेडिट कार्ड घेण्याची विनंती केली.

तिसऱ्या आठवड्यात पाहणी झाली.

त्याचे असे होते, की पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाने 'आदर्श कचरामुक्त सोसायटी' अशी स्पर्धा ठेवली होती, आणि हिंमतराव तीन वर्षे त्या प्रमाणपत्राच्या मागे होते. त्यासाठी लॉबीत त्यांनी खिळा आधीच ठोकून ठेवला होता. ओला कचरा, सुका कचरा, कुणाच्या डब्यात काय सापडले, सगळ्याची नोंद ते ठेवत. पाहणीला आलेल्या बाई घाईत होत्या. त्यांनी फाटकाशी उभे राहून पेट्या मोजल्या, पंचवीस भरल्या, मोबाइलमध्ये पंचवीस लिहिले आणि मग घरोघर गेल्या. चोवीस घरे उत्तम निघाली. पंचविसावे सापडेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी नियमाप्रमाणे नोटीस चिकटवली. कुठे? तर पंचविसाव्या पेटीवर.

'सदनिका क्र. २५. तीनदा भेट देऊनही घर बंद. कचरा वर्गीकरणाची खात्री पटली नाही. सोसायटी अपात्र.'

हिंमतराव ती नोटीस घेऊन थेट सरांच्या दारात आले. बसले नाहीत.

"सर, आपण शिकलेले आहात," ते म्हणाले. पुण्यात एखाद्याने असे सुरू केले की पुढचे ऐकण्यासाठी भिंतीला टेकावे. "चोवीस कुटुंबांनी वर्षभर केळीची सालं वेगळी ठेवली. एका खारीमुळे ती सगळी फुकट. निकाल शुक्रवारी आहे. तोपर्यंत पंचवीसचे चोवीस करून आणा. नाहीतर शनिवारपासून हॉलला कुलूप. हॉल समितीचा आहे."

"अहो हिंमतराव, मुलांचा काय दोष?"

"मुलांना हेच शिकवणार असाल तर वर्ग कशाला हवा?"

ते गेले. सर खुर्चीवर बसले. कांताबाईंनी पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "मेथीच बरी होती."

सल्ले त्याच संध्याकाळी सुरू झाले. सुशीलाबाईंचे म्हणणे, पेटी उतरवून टाका, पेटी नाही तर घर नाही. पण मैनुद्दीनभाईंनी ध्यानात आणून दिले, की पेटी उतरवली तर नोंद तशीच राहील आणि पुरावा मात्र जाईल. खराडीला कंपनीत असणारा सरांचा मुलगा संजय फोनवर म्हणाला, "बाबा, टेन्शन नका घेऊ. ऑनलाइन तिकीट रेज करा, ऑटोमॅटिक क्लोज होईल." त्याचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. सरांनी रात्रीचे जेवण लांबवून तक्रार लिहिली. सकाळी उत्तर आले, आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. सोबत एका स्वच्छ केलेल्या गटाराचा फोटो होता. गटार चांगले साफ केले होते, हे सरांनी मान्य केले. पण ते कात्रजचेही नव्हते.

बुधवारी सर स्वच्छ सदरा घालून बसने क्षेत्रीय कार्यालयात गेले. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवले, दुसरीने जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबवले आणि सुट्टीनंतर पहिल्या खिडकीकडे पाठवले. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना रांगेत उभे केले, त्याने रांगेत उभे राहण्याविषयी कुरकुर करू नये, असे सर स्वतःला समजावत होते. शेवटी ते तिसऱ्या टेबलापाशी पोचले. तिथे फरहत शेख नावाच्या बाई बसल्या होत्या. टेबलावर फायली, शेजारी स्टीलचा डबा, चेहऱ्यावर दुपार.

सरांनी सगळे सांगितले. शब्दांचा वर्ग, गृहपाठ, खार, मैनुद्दीनभाई. बाईंनी एकदाही मध्ये तोडले नाही. मग त्या म्हणाल्या, "नोंद काढता येणार नाही."

"का?"

"घर नोंदीतून काढायचं तर ते पाडल्याचा दाखला लागतो. तुम्ही झाड पाडणार का?"

"छे!"

"बरं आहे. झाड पाडायला वेगळी परवानगी लागली असती." त्यांनी खणातून एक कागद काढला. "खुलासा देऊ शकता. हा नमुना भरा. कारण सांगा, मी शेरा मारून वर पाठवते."

सरांनी पेन काढले. 'सदर पेटी लावण्याचे कारण : निवासी / व्यावसायिक / धार्मिक / इतर.' त्यांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे वळणदार अक्षरात लिहिले, 'लहर'.

बाईंनी वाचले. "सर, मला चालेल. पण वर साहेब विचारतील, लहर म्हणजे काय. अर्थ लिहा ना. दोन ओळींत. रकाना तेवढाच आहे."

सर पेनाचे टोपण काढून बसले. ज्या प्रश्नाला फळ्यासमोर बगल दिली, तो आता बसने त्यांच्या मागोमाग येऊन तिसऱ्या टेबलावर बसला होता. 'मनात एकाएकी उठलेली इच्छा' असे ते लिहायला गेले आणि दीक्षाचा वर झालेला हात त्यांना दिसला. टोपण पुन्हा बसले.

"बाई, एक विचारू? तुमच्या घरी कुणी कधी असं काही करतं का? उगीच. ज्याचा उपयोग नाही असं."

"सर, हे सरकारी कामाचं टेबल आहे," फरहतबाई म्हणाल्या. मग त्यांनी मागेपुढे पाहिले आणि आवाज खाली आणला. "आमची अम्मी. अख्तरबानू. रोज सकाळी चहा झाला की कप घेऊन खिडकीत जाते आणि कुंडीतल्या मोगऱ्याला दाखवते. म्हणते, हे बघ, आज आलं घातलंय."

"मोगऱ्याला चहा घालतात?"

"घालत नाही हो! मरेल तो. नुसता दाखवते. विचारलं तर म्हणते, मला काय कळत नाही का, त्याला कळत नाही ते. पण दाखवला नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं."

सर हसले. बाईही हसल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची दुपार थोडी कलली. सरांनी टोपण काढले आणि न थांबता लिहिले :

'लहर : खरे नाही हे पुरते ठाऊक असताना, कोणालाही त्रास न देता, खरे असल्यासारखे मन लावून केलेले काम.'

दोन ओळीच झाल्या. बाईंनी कागद जवळ धरून वाचला, मग एकदा लांब धरून वाचला.

"हे साहेबांना कळेल," त्या म्हणाल्या. "आता मला सांगा, पंचवीसमध्ये राहतं कोण?"

"खार."

"कचरा?"

"करत नाही. खाते ते सगळं खाते."

"रिकामी जागा मला दाखवता येत नाही, पाडलेली दाखवता येत नाही. पण हा एक रकाना आहे बघा." त्यांनी संगणकाचा पडदा सरांकडे वळवला. "'कचरा निर्माण होत नाही.' हा कुणी भरतच नाही. कारण असं घर आजवर सापडलेलंच नाही. रहिवासी, खार, असं सरळ लिहिते. खोटं काही नाही ना त्यात?"

सरांनी विचार केला. शिक्षकाच्या नजरेने तपासले. "नाही. यात खोटं काही नाही."

गुरुवार सरांनी कसा काढला ते कांताबाईंनाच ठाऊक. त्यांनी हॉलमधला फळा पुसला, सतरंजी झटकली, खडूचा डबा घरी आणून ठेवला. न जाणो. दीक्षाने विचारले, शनिवारी कुठला शब्द. सर म्हणाले, ठरवलं नाही. ती म्हणाली, "वर्ग बंद झाला तर मी पायऱ्यांवर बसेन. पण शब्द सांगा." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काहीतरी आणायला आत गेले. काय आणायचे होते ते आत गेल्यावर त्यांना आठवले नाही.

शुक्रवारी दुपारी निकाल आला. तो हिंमतरावांनी स्वतः आणला. या वेळी ते बसले. बराच वेळ त्यांनी कागदाची घडी घातली आणि उलगडली.

"पहिले आलो," ते म्हणाले.

"अभिनंदन!"

"पूर्ण वाचतो. 'आनंदबाग सोसायटी, सर्व पंचवीस सदनिका पात्र. विशेष उल्लेख : सदनिका क्र. २५, शून्य कचरा. इतर नागरिकांनी अनुकरण करावे.'" त्यांनी चष्मा काढला. "सर, मी तीन वर्षं केळीची सालं मोजली. आणि विशेष उल्लेख कुणाचा, तर हिचा."

आतून कांताबाई म्हणाल्या, "चहा टाकते. तिलाही विचारा घेणार का."

हिंमतराव हसले नाहीत. पण पुण्यात न हसण्याचेही प्रकार आहेत, आणि हा त्यांतला सौम्य प्रकार होता. उठताना ते म्हणाले, "सहा महिन्यांनी फेरपाहणी आहे. पंचवीसच्या पंचवीस दिसल्या पाहिजेत. पेटी हलवायची नाही. आणि हॉल चारऐवजी साडेतीनला उघडून ठेवतो, मुलं उन्हात उभी राहतात."

शनिवारी वर्गाच्या आधी सरांनी पंचविसावी पेटी उघडली. पत्रांनी ती गच्च भरली होती आणि नवे पत्र आत जाईना. मुलांची पत्रे, सुशीलाबाईंच्या दोन पाककृती, बँकेचे स्मरणपत्र. सगळ्यांत वर एक लांब पाकीट होते. त्यावर 'प्रति, श्रीमती खारूताई, सदनिका क्र. २५' असे हिरव्या शाईत.

सरांनी आजूबाजूला पाहिले. दुसऱ्याचे पत्र वाचू नये, हे त्यांनी हजारो मुलांना शिकवले होते. पण पत्र जिच्या नावाचे, तिला वाचता येत नव्हते, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते वाचून दाखवावे, हीही रीतच आहे. त्यांनी निंबाकडे तोंड केले आणि हळू आवाजात वाचायला सुरुवात केली.

'महोदया, आपण राखलेल्या स्वच्छतेबद्दल समिती आपली आभारी आहे. आपण ही जागा सोडून जाऊ नये, अशी सर्व सभासदांच्या वतीने विनंती. काही अडचण असल्यास सचिवांना सकाळी सात ते साडेसात या वेळेत भेटावे. पोच द्यावी. आपला, हिं. स. जगताप, सचिव.'

खाली जागा उरली होती. तिथे तीच शाई, पण अक्षर जरा लहान, घाईत कुणी पाहू नये म्हणून लिहिल्यासारखे :

'ता. क. गच्चीच्या कठड्यावर शेंगा ठेवल्या आहेत. टरफले मी उचलीन.'

हॉलमधून मुलांचा गलका ऐकू येत होता. सरांनी खिशातले पेन काढले, पाकिटाच्या मागे 'पत्र पोचले' असे लिहिले, थोडा विचार केला, आणि चोवीस नंबरच्या पेटीवर असते तशाच अक्षरात खाली सही केली : खा.

मग ते फळ्यावर शब्द लिहायला गेले.